मार्ताच्या टीमचं काय झालं

ती. आई-बाबा,
सा. न. वि. वि.

परवा व्हिडिओ कॉलवर आई तू मधेच विचारलंस, ती ब्राझीलची फुटबॉलर मार्ता होती ती टीम अजून खेळते का गं, आणि मी "हो हो खेळते की" म्हणून विषय बदलला. खोटं बोलले. ती टीम २०१० लाच बंद पडली आणि मला ते तेव्हापासून माहितीय.

तुम्ही ऑक्टोबर २०१० ला परत गेलात आणि १६ नोव्हेंबरला आपली ती बायकांची फुटबॉल टीम, एफसी गोल्ड प्राइड, गुंडाळल्याची बातमी आली. तोवर बाबांनी निवृत्ती चौकातल्या कट्ट्यावर सगळ्यांना फोटो दाखवून झाले होते, आमची टीम अमेरिकेची चॅम्पियन झाली म्हणून, त्यामुळे फोनवर सांगायला माझी जीभच रेटली नाही. मग ते राहूनच गेलं.

मला अजून इथल्या, कॅलिफोर्नियातल्या हेवर्डच्या टेकडीवरचं ते कॉलेजचं ग्राउंड आठवतं. बाबा, पहिल्या दिवशी तुम्ही नाक मुरडलंत, हे कसलं स्टेडियम, पाच हजार माणूस बसलं की भरलं, आपलं कोल्हापूरचं शाहू स्टेडियम बघा म्हणे. आणि मग मार्ताने डाव्या पायावर बॉल घेतला आणि तुम्ही उठून उभेच राहिलात, मागची बाई "सर, सर" करतेय आणि तुमचं आपलं "जा जा जा, सोडू नको!" चालूच. आणि आई, लग्न होऊन इतकी वर्षं झाली, घरापासून चालत जाण्याइतकं शाहू स्टेडियम, तिथं तू एकदाही पाऊल टाकलं नव्हतंस, आणि इथं दोन महिन्यांच्या नातीला टोपरं घालून पूर्ण फायनल बघितलीस, बाबा डिंकाच्या लाडवांचे डबे मांडून ऑफसाइड समजावत होते. दादाला ग्राउंडवर न्यायचात आणि मला नाही, हा माझा राग त्या दिवशी निम्मा गेला. निम्मा आहे अजून.

बाबा आता विचारणार, कप जिंकलेली टीम बंद कोण करतं? मी पण हेच विचारत होते. २००९ ला सात टीममध्ये शेवटचा नंबर, वीसपैकी चार मॅच जिंकलेल्या. मग मार्ता खेळायची तो लॉस एंजेलिसचा क्लब बंद पडला म्हणून ती आपल्याकडे आली, २४ पैकी फक्त ३ हरलो, तिचे एकटीचे १९ गोल, आणि २६ सप्टेंबरला फिलाडेल्फियाला ४-० धुतलं. पण मालक म्हणजे एक नवराबायको, त्यांना दुसरा कुणी पैसे घालणारा मिळाला नाही, पुढच्या सीझनसाठी लीगला जी आर्थिक तयारी दाखवायला लागते ती जमली नाही, संपलं. आपल्याकडे तालमीच्या फुटबॉल टीमचे पैसे संपले की तुम्ही लोक पावतीपुस्तक घेऊन पेठेत फिरता, शिव्या खाता, पण टीम उतरते. इथं क्लबच्या मागे पेठच नव्हती. सेंट लुइसचा क्लब तर त्याच वर्षी चालू सीझनमध्ये गेला, २०१२ ला अख्खी लीगच. मार्ता न्यूयॉर्क राज्यातल्या क्लबात गेली आणि तिथं पण लगेच कप जिंकला, तिला काय. लीग गेल्यावर बाकीच्यांपैकी काही जणी सेमी-प्रो खेळत राहिल्या, म्हणजे पोटासाठी दुसरं काम आणि वेळ काढून प्रॅक्टिस, बाबा, तुम्ही मिलमधून सुटून सायकलवर ग्राउंड गाठायचात तसंच.

हे लिहायचं कारण म्हणजे २०२४ ला सॅन होजेला बायकांची नवीन टीम आली, बे एफसी. आताच्या नवीन लीगमध्ये घुसायची फीच ५३ मिलियन डॉलर होती! आणि पहिला कोच कोण होता, तर आपलाच तो अल्बर्टिन मोंटोया, गोल्ड प्राइडचा कोच होता तो. त्याला टचलाइनवर बघून माझ्याच डोळ्यात पाणी आलं. तुमच्या नातीला घेऊन गेले होते, अठरा हजारांचं स्टेडियम, आणि ही पहिला हाफभर मोबाइलमध्ये. तू पण त्या फायनलला होतीस गं म्हटलं तर म्हणते, झोपले होते तर ते काउंट होत नाही.

पुढच्या उन्हाळ्यात या दोघं. व्हिसाचं मी बघते. बाबा, तो सोनेरी मफलर मॉर्निंग वॉकला घालता ना, तो धुवायला टाकू नका, रंग जातो. कट्ट्यावर खरं सांगायचं की नाही ते तुमचं तुम्ही ठरवा. आणि आई, गुडघ्याचा एक्स-रे काढलास का ते आधी कळव, "बरं आहे" नकोय मला.

तुमची लेक