मूत्रपिंडाच्या कर्करोगाच्या गोळ्या आणि रुग्णाला समजेल असा कागद

मा. संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

गोव्यात ‘किडनीचा आजार’ म्हटले की ऐकणाऱ्याला डायलिसिस आठवते आणि मूत्रपिंडाच्या रुग्णांसाठी चर्चेत असलेल्या काणकोण तालुक्याचे नाव बोलता बोलता निघते. मूत्रपिंडाचा कर्करोग हा त्याहून वेगळा आजार आहे. त्यावरच्या गोळ्यांविषयी आपल्या लोकांत जे गैरसमज आहेत, ते मी माझ्याच घरात पाहिले, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

माझ्या थोरल्या बंधूंचे एक मूत्रपिंड गाठीसह काढावे लागले. पुढे फुफ्फुसांत ठिपके दिसले, तेव्हा डॉक्टरांनी सुनिटिनिब नावाचे औषध सुरू केले. चार आठवडे घ्यायचे, दोन आठवडे थांबायचे, असा क्रम. दुसऱ्या फेरीत त्यांची कातडी हळदीसारखी पिवळी दिसू लागली. शेजाऱ्यांनी कावीळ ठरवली, कोणी तरी झाडपाल्याचे औषध आणून दिले आणि बंधूंनी कर्करोगाच्या गोळ्या परस्पर बंद केल्या. अकरा दिवसांनी रक्त तपासले, तर बिलिरुबिन, म्हणजे काविळीत रक्तात वाढणारे पिवळे द्रव्य, अगदी ठीक! सुनिटिनिबचा स्वतःचा रंगच पिवळा असतो आणि तो कातडीत उतरतो. काविळीत डोळ्यांचा पांढरा भागही पिवळा होतो, तो यांचा झालाच नव्हता. अर्थात हे औषध क्वचित यकृतालाही खरोखर इजा करते, त्यामुळे नुसत्या रंगावरून घरी निदान करणे दोन्ही बाजूंनी धोक्याचे. रक्ततपासणी हाच मार्ग. हे सारे औषधाच्या खोक्यातल्या घडीच्या कागदावर छापलेले असणार, पण तो इंग्रजीत आणि भिंगाशिवाय न वाचता येणाऱ्या अक्षरांत. ज्या रुग्णालयात गोळ्या लिहून दिल्या, तिथेही यातले कोणी तोंडी सांगितले नव्हते.

आयुष्यभर शाळेत विज्ञान शिकवल्यामुळे मी नंतर हा विषय थोडा खोलात वाचला. मूत्रपिंडाच्या कर्करोगाचा सर्वांत जास्त आढळणारा प्रकार ‘क्लिअर सेल’ हा आहे. चारांपैकी सुमारे तीन रुग्णांत तोच असतो. त्यातल्या बहुतेक गाठींमध्ये व्हीएचएल नावाचे जनुक निकामी झालेले असते. हे जनुक 1993 साली सापडले. पेशीला पुरेसा प्राणवायू मिळत असताना एचआयएफ नावाच्या प्रथिनाची विल्हेवाट लावणे हे या जनुकापासून बनणाऱ्या प्रथिनाचे काम. प्राणवायू कमी पडला तर एचआयएफ टिकून राहते आणि नव्या रक्तवाहिन्या मागवणाऱ्या व्हीईजीएफ या वाढघटकाला हुकूम सोडते. व्हीएचएल गेले की प्राणवायू मुबलक असूनही पेशीला तो नसल्याचा भास होत राहतो. खाजनातल्या, म्हणजे खाडीकाठच्या बांध घातलेल्या शेतातल्या, मानशीचे (पाणी आत-बाहेर सोडणाऱ्या झडपेचे) दार मोडले की भरती-ओहोटीचा काही हिशेब राहत नाही, खारे पाणी शेतात शिरतच राहते, तसे हे आहे. व्हीईजीएफ अखंड पाझरते, गाठीभोवती रक्तवाहिन्यांचे जाळे माजते आणि त्या रक्तावर गाठ पोसली जाते. पेशी प्राणवायू कसा ओळखते, या शोधासाठी विल्यम केलिन, पीटर रॅटक्लिफ आणि ग्रेग सेमेन्झा यांना 2019 चे नोबेल मिळाले.

नेहमीच्या केमोथेरपीला हा कर्करोग फारसा दाद देत नाही. सोराफेनिब (अमेरिकेत मान्यता डिसेंबर 2005) आणि सुनिटिनिब (जानेवारी 2006) यांच्यापूर्वी प्रतिकारशक्तीला चेतवणारी इंटरफेरॉन आणि इंटरल्युकिन-2 ही औषधे एवढीच काय ती साधने होती आणि त्यांचा उपयोग थोड्यांनाच होई. या नव्या गोळ्या व्हीईजीएफचा निरोप पेशीवर जिथे पोचतो, ते ग्राहीच अडवतात. हल्ली अनेक रुग्णांना अशा गोळ्यांच्या जोडीने इम्युनोथेरपीची, म्हणजे शरीराच्या प्रतिकारशक्तीला कर्करोगाविरुद्ध कामाला लावणारी, इंजेक्शनेही देतात.

माझा मुद्दा इथून सुरू होतो. ज्या निरोपावर गाठ जगते, तोच निरोप शरीराच्या धडधाकट भागालाही लागतो. निरोगी रक्तवाहिन्या सैल राहण्यात व्हीईजीएफचा हात असतो, म्हणून तो अडवला की रक्तदाब चढतो. जखम भरायला नव्या रक्तवाहिन्या लागतात, म्हणून शस्त्रक्रियेपूर्वी गोळ्या थांबवाव्या लागतात आणि दात काढायचा असला तरी आधी डॉक्टरांना विचारावे लागते. सुनिटिनिब आणखी एका वाढघटकाचे किट नावाचे ग्राही अडवते. केसांना रंग देणाऱ्या पेशी त्या ग्राहीवर अवलंबून असतात. बंधूंच्या दाढीचे केस गोळ्यांच्या आठवड्यांत पांढरे उगवत आणि सुट्टीच्या आठवड्यांत पुन्हा काळे. दाढी वाढवली तेव्हा एकेका केसावर पट्टे दिसू लागले. नातवाने तर त्यावरून गोळ्यांच्या फेऱ्या मोजून दाखवल्या!

2021 साली अमेरिकेत मान्यता मिळालेले बेल्झुटिफान हे औषध थेट एचआयएफ-2 या एचआयएफच्याच एका प्रकारावर घाव घालते. रक्तातल्या तांबड्या पेशी वाढवणारे एरिथ्रोपोएटिन बनवण्याचा हुकूमही एचआयएफच देत असल्यामुळे त्या औषधाने रक्तक्षय होतो. म्हणजे इथेही गुण आणि त्रास एकाच वाटेने येतात. सुनिटिनिब घेताना ज्यांचा रक्तदाब वाढला, त्यांच्यात औषधाचा गुणही सरासरीने अधिक दिसल्याचे अभ्यासांत आढळले आहे. म्हणून वाढलेला दाब अंगावर काढावा असे नव्हे. त्यावर वेगळी गोळी घ्यावी आणि कर्करोगाची गोळी कमी करायची की थांबवायची, हे डॉक्टरांना ठरवू द्यावे. पण ‘औषध बाधले’ म्हणून ते गुपचूप सोडून देणाऱ्या माणसाला एवढे आधी कोणी समजावले असते, तर त्याने कदाचित ते सोडले नसते.

औषध परवडत नाही म्हणून बंद पडते, हे कारण पूर्वी मोठे होते. सोराफेनिबचा महिन्याचा खर्च सुमारे 2 लाख 80 हजार रुपये होता. मार्च 2012 मध्ये भारताने आपला पहिला सक्तीचा परवाना (पेटंटधारकाच्या संमतीशिवाय औषध बनवण्याची सरकारी मुभा) याच औषधासाठी नॅटको कंपनीला दिला आणि महिन्याचा खर्च 8,800 रुपयांवर आला. पैशांची अडचण आजही संपलेली नाही. परंतु मिळालेले औषध न समजल्यामुळे वाया जाणे हे मला अधिक बोचते, कारण त्यावरचा उपाय एका कागदाचा आहे.

आरोग्य खात्याला माझी विनंती अशी आहे की, या गोळ्या सुरू करताना रुग्णाच्या हाती मराठीत आणि कोकणीत एकेक पान द्यावे. दाब कोणत्या आकड्याला गेला की फोन करायचा, तळव्यांना फोड आले तर काय लावायचे आणि किती चालायचे, तोंड आले किंवा जुलाब लागले तर कधी थांबायचे, थायरॉइडची तपासणी केव्हा, हे त्यात ठळक अक्षरांत असावे. ग्रेपफ्रूट टाळा असे इंग्रजी कागदावर असते. ते फळ आपल्याकडे कोण खातो? त्याच कुळातले पपनस मात्र चवथीनंतर घरोघर सोलले जाते आणि तेही औषधाचे रक्तातले प्रमाण बिघडवू शकते. हे आपल्याकडच्या कागदावर आपल्या शब्दांत असायला हवे. शिवाय पहिल्या काही आठवड्यांत दाब मोजण्यासाठी बांबोळीच्या गोवा मेडिकल कॉलेजपर्यंत हेलपाटा घालायला लावू नये. जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या परिचारिकेने तो मोजून त्याच पानामागे लिहून द्यावा.

बंधूंनी गोळ्या पुन्हा सुरू केल्या आहेत. वहिनी दर सोमवारी त्यांचा दाब कॅलेंडरवर लिहितात, दुधाच्या हिशेबाशेजारी.

आपला नम्र,
एक निवृत्त विज्ञानशिक्षक, माशेल