व्हीलचेअर आहेत, पण दारात नाहीत

महोदय,

सरकारी रुग्णालयांत नव्या व्हीलचेअर येऊनही अपघात विभागाच्या दारात त्या मिळत नाहीत. रुग्णाला वॉर्डात पोचवले की चेअर तिथेच अडकते. पुढच्या एक्स-रेला लागेल म्हणून वॉर्ड ती सोडत नाही. प्रत्येक चेअरवर क्रमांक व विभागाचा रंग हवा, पाळी बदलताना मोजणी हवी आणि परत आणण्याची जबाबदारी प्रत्येक पाळीत एकाच ठरलेल्या वॉर्डबॉयवर हवी. ‘सगळ्यांची’ जबाबदारी कुणीच घेत नाही.

कोपऱ्यात पडलेल्या अनेक चेअर खरे तर मोडलेल्या नसतात. पुढच्या लहान चाकात केस-दोरे गुंततात, ब्रेक सैल होतो, पाय ठेवायची पट्टी हरवते. हे सुटे भाग भांडारात असतील तर दुरुस्ती जागेवरच होते, निर्लेखनाची, म्हणजे चेअर निकामी ठरवून नोंदीतून काढण्याची, फाइल लागत नाही. स्ट्रेचरचे कठडे मात्र बिघाडाची वाट न पाहता रोज तपासावेत, नाहीतर रुग्ण खाली पडू शकतो.

– एक वाचक, पुणे