डोमेन कुणाच्या नावावर आहे, ते आजच बघा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

सायबर फसवणुकीच्या बातम्या आपल्या दैनिकात नियमित येतात. ओटीपी, डिजिटल अटक, शेअर ट्रेडिंगचे बनावट ॲप यांबाबत लोक आता बरेच सावध झाले आहेत आणि त्यात वृत्तपत्रांचा वाटा मोठा आहे. मात्र छोट्या उद्योगांना वरचेवर बसणारा एक फटका कधी बातमीत येत नाही, कारण त्यात बहुतेक वेळा गुन्हा घडलेलाच नसतो. कंपनीचे डोमेन, म्हणजे वेबसाइटच्या पत्त्यात आणि ईमेलमध्ये '@' नंतर येणारे नाव, कंपनीच्या मालकाच्या नावावर नसते, एवढीच ती गोष्ट. मी नाशिकला सातपूर-अंबड भागातल्या छोट्या कारखान्यांची संगणकाची आणि ईमेलची कामे करते. नव्या ठिकाणी गेले की माझा पहिला प्रश्न हाच असतो, आणि बहुतेक जागी उत्तर मिळते, "ते आमचा वेबसाइटवाला बघतो."

डोमेन कुणालाही कायमचे विकत घेता येत नाही. ते मुदतीने नोंदवायचे असते, एका वेळी जास्तीत जास्त १० वर्षांसाठी, आणि मुदत संपायच्या आत नूतनीकरण करायचे असते. डॉट इन नावांचा कारभार नॅशनल इंटरनेट एक्स्चेंज ऑफ इंडिया, म्हणजे निक्सी, बघते. डॉट कॉमसारख्या नावांचे नियम आयकॅन ही आंतरराष्ट्रीय संस्था ठरवते. आपण नाव नोंदवतो ते त्यांनी मान्यता दिलेल्या रजिस्ट्रारकडे, म्हणजे नावे नोंदवून देणाऱ्या कंपनीकडे, आणि त्या नोंदीत 'रजिस्ट्रंट' म्हणून ज्याचे नाव, ईमेल आणि मोबाइल आहे, त्याचेच रजिस्ट्रार ऐकतो. सातबाऱ्यावर नाव नसेल तर 'जमीन मीच कसतो' म्हणून भागत नाही, तसेच हे आहे. दरवर्षी पैसे कुणी भरले आणि गेटवरच्या बोर्डावर नाव कुणाचे, हे तिथे कुणी विचारत नाही.

अंबडमधल्या एका शीट मेटलच्या कारखान्याचे उदाहरण सांगते. वाहन उद्योगातल्या एका मोठ्या कंपनीला ते ब्रॅकेट आणि क्लॅम्प पुरवतात. पुढच्या आठवड्याचे शेड्यूल मेलवर येते. एका आठवड्यात ते आलेच नाही. पलीकडे परचेसच्या माणसाचा मेल परत जात होता, त्याने थोडी वाट बघितली आणि तेवढा माल दुसऱ्या व्हेंडरकडे वळवला. शोध घेतला तेव्हा कळले की डोमेनची मुदत संपलेली आहे. मालकांनी फाइल काढली. दरवर्षीची बिले तारीखवार लावलेली होती, प्रत्येकावर एकच ओळ: 'वेबसाइट, डोमेन, ईमेल, १ वर्ष'. रजिस्ट्रारची पावती मात्र एकही नाही. ज्या मुलाने वेबसाइट केली होती तो हा व्यवसाय सोडून पुण्याला नोकरीला लागला होता, फोन बदलला होता. मालकांनी रजिस्ट्रारला जीएसटी सर्टिफिकेट, उद्यम नोंदणी, सगळे पाठवायची तयारी दाखवली. उत्तर सभ्य आणि नियमाला धरून होते: नोंदीतल्या ईमेलवरून विनंती येऊ द्या. शेवटी ओळखीतून त्या मुलाचा पत्ता लागला. त्याने लॉगिन करून स्क्रीन दाखवला तेव्हा नाव त्याचे, मोबाइल बंद पडलेला, ईमेल त्याच्या कॉलेजच्या दिवसांतला.

तो मुलगा सरळ होता, त्याने लगेच सहकार्य केले. वेबसाइट करणाऱ्यांपैकी बहुतेक जण असेच असतात. सगळ्या ग्राहकांची डोमेन आपल्या एकाच खात्यात ठेवली की त्यांना काम सोपे जाते, फसवण्याचा विचारही मनात नसतो. पण सगळीकडे असे निभावत नाही. कुठे जुन्या बाकीचा वाद आडवा येतो, कुठे 'ट्रान्सफर चार्ज' म्हणून वाटेल ती रक्कम मागितली जाते. मग दाद मागायची तर डॉट इनसाठी निक्सीची आणि डॉट कॉमसाठी आयकॅनची लवादाची पद्धत आहे, पण तिथे नावावरचा किंवा ट्रेडमार्कवरचा आपला हक्क आणि समोरच्याची वाईट नियत कागदावर दाखवावी लागते. डॉट कॉमचे प्रकरण वायपोकडे, म्हणजे जागतिक बौद्धिक संपदा संघटनेकडे, नेले तर एका पंचाची फीच १,५०० डॉलर आहे. आठ-दहा कामगारांच्या कारखान्याला हे परवडत नाही. तेव्हा नोंद मुळातच आपल्या नावावर हवी. वेबसाइट कुणाकडूनही करून घ्या, रजिस्ट्रारचे खाते मात्र मालकाने स्वतः, स्वतःच्या मोबाइलवर, स्वतःच्या कार्डाने उघडावे. वर्षाचा खर्च बहुतेक नावांना हजार-दीड हजारांच्या आत असतो. पहिल्या वर्षाच्या शंभर-दोनशे रुपयांच्या जाहिरातीला भुलू नये, नूतनीकरणाचा दर आधी बघावा.

मुदत संपली की नाव त्याच दिवशी हातचे जात नाही, हेही लोकांना माहीत नसते आणि घाबरून ते भलत्याच माणसाला पैसे देतात. डॉट कॉमसारख्या नावांना रजिस्ट्रार साधारणपणे काही दिवस, जास्तीत जास्त ४५, नेहमीच्या दराने नूतनीकरण करू देतो. ही सवलत प्रत्येक रजिस्ट्रारची वेगळी. नंतर ३० दिवसांचा 'रिडेम्प्शन' काळ येतो, त्यात नाव परत मिळते पण दंडासारखी मोठी रक्कम भरून. पुढचे ५ दिवस कुणालाच काही करता येत नाही, आणि मग ते नाव जगातल्या कुणालाही घेता येते. चालू डोमेनच्या मुदती संपण्यावर नजर ठेवून बसलेल्या कंपन्या आहेत. मोठ्यांनाही हे चुकलेले नाही. डिसेंबर १९९९मध्ये मायक्रोसॉफ्टचे पासपोर्ट डॉट कॉम, ज्यावरून त्यांच्या हॉटमेल या ईमेल सेवेचे लॉगिन चालायचे, नूतनीकरणाअभावी अडले आणि हॉटमेलच्या अनेक वापरकर्त्यांना लॉगिन होईना. मायकेल चेनी या प्रोग्रामरने ऐन नाताळात स्वतःच्या खिशातून ३५ डॉलर भरून ते सोडवले. आपल्यासाठी असे कुणी भरणार नाही.

आता जिथे सगळ्यात जास्त माणसे अडकतात ते सांगते. रजिस्ट्रारच्या खात्याचा लॉगिन ईमेल त्याच डोमेनवरचा असतो. आयकॅनच्या नियमाने मुदत संपण्यापूर्वी साधारण महिनाभर आणि आठवडाभर आधी सूचना येते, संपल्यावर ५ दिवसांत आणखी एक. पण डोमेन बंद पडले की त्यावरचा ईमेलही बंद, म्हणजे शेवटची सूचना येणार त्या पेटीचेच दार लागलेले. पासवर्ड विसरला असेल तर नवा पासवर्ड ठरवायची लिंकही तिथेच जाणार. म्हणून त्या खात्याला बाहेरचा, जीमेलसारखा ईमेल द्यावा आणि त्याची चावी मालकासोबत घरातल्या आणखी एका विश्वासू माणसाकडे असावी. मालक अचानक गेले आणि ओटीपी त्यांच्या नंबरवर जात राहिला, घरच्यांनी दुःखात सिम बंद केले, असे घडलेले मी बघितले आहे. बँक, विमा, शेअर यांना वारस लावतात, पण या खात्याची आठवण कुणालाच राहत नाही.

दुसरी नेहमीची तक्रार: "नवी वेबसाइट लावली आणि मेल यायचे बंद झाले." वेबसाइट आणि मेल दोन वेगळ्या ठिकाणी असू शकतात. नव्या माणसाने वेबसाइटसाठी नेमसर्व्हर, म्हणजे डोमेनच्या नोंदी ठेवणारे सर्व्हर, बदलले, पण जुन्या ठिकाणच्या एमएक्स नोंदी, म्हणजे मेल कुठे पोहोचवायचा हे सांगणाऱ्या ओळी, नव्या ठिकाणी उतरवून घेतल्या नाहीत, की असे होते. दिसायला सगळे नीट असते, साइट झकास उघडते, आणि ग्राहकाचे मेल दोन-चार दिवस कुठेच पोहोचत नाहीत. बदल करण्याआधी त्या सगळ्या नोंदींचा स्क्रीनशॉट घेऊन ठेवला तर अर्ध्या तासाचे काम अर्ध्या तासातच होते.

"आमचे कोटेशन स्पॅममध्ये जाते," असे सांगणारेही आता वाढले आहेत. फेब्रुवारी २०२४पासून गूगल आणि याहू यांनी नियम कडक केले. पाठवणाऱ्याच्या डोमेनवर एसपीएफ किंवा डीकेआयएम यांपैकी एक तरी हवे, आणि जीमेलवर दिवसाला ५,००० किंवा त्याहून अधिक मेल पाठवणाऱ्यांना ही दोन्ही आणि वर डीमार्क. एसपीएफ सांगते की या डोमेनच्या नावाने कोणत्या सर्व्हरवरून मेल निघू शकतो, डीकेआयएम प्रत्येक मेलवर डिजिटल सही करते, आणि या तपासणीत नापास झालेल्या मेलचे काय करायचे ते डीमार्क ठरवते. छोट्या कारखान्यानेही तिन्ही लावावीत असे माझे ठाम मत आहे, कारण आपल्या नावाने दुसऱ्याने मेल पाठवण्याला यामुळे बराच आळा बसतो. बहुतेक मेल सेवांत त्यासाठी वेगळे पैसे पडत नाहीत.

पूर्ण आळा मात्र बसत नाही. इंग्रजीतली 'आर' आणि 'एन' ही छोटी अक्षरे शेजारी लिहिली की 'एम'सारखी दिसतात. व्हेंडरच्या नावात 'एम' असेल, तर त्या जागी ही दोन अक्षरे घालून नवे डोमेन नोंदवतात आणि अकाउंट्सला मेल येतो: 'ऑडिट चालू असल्याने आमचे बँक खाते बदलले आहे, या महिन्याचे पेमेंट नव्या खात्यावर करावे.' खाली तोच लोगो, तीच सही, जुन्या इनव्हॉइसचा खरा नंबर. मोबाइलवर बघितले तर फरक ओळखू येत नाही. यावर उपाय एकच: खाते बदलल्याचा मेल आला की आपल्याकडे आधीपासून असलेल्या नंबरवर फोन करून विचारायचे, मेलमधल्या नंबरवर नाही. पैसे गेलेच तर क्षणाचा उशीर न करता १९३० या सायबर हेल्पलाइनवर कळवायचे. अशाच नकली पत्त्यांवर उपाय म्हणून रिझर्व्ह बँकेने सर्व बँकांना ३१ ऑक्टोबर २०२५पर्यंत 'डॉट बँक डॉट इन' या राखीव नावाखाली यायला सांगितले. आपल्या वर्कशॉपना असे राखीव कुंपण नाही, आपले नाव आपणच सांभाळायचे आहे.

आणखी एक. परदेशातून इंग्रजीत मेल येतो की तुमचे नाव चीनमध्ये दुसरी कंपनी नोंदवते आहे, तातडीने पैसे भरून आरक्षित करा. किंवा 'डोमेन नोटीस' नावाचा, बिलासारखा दिसणारा कागद येतो. दोन्हींकडे दुर्लक्ष करावे. आपले बिल फक्त आपल्या रजिस्ट्रारच्या खात्यात लॉगिन करून बघावे.

विक्रीच्या माणसाने स्वतःच्या जीमेलवरून कोटेशन पाठवण्याची पद्धतही बंद व्हायला हवी. तो नोकरी सोडून गेला की पाच वर्षांचे दर, ड्रॉइंग आणि ग्राहकांची पत्रे त्याच्याबरोबर जातात, आणि त्याला दोष देता येत नाही, कारण ती पेटी त्याचीच होती. सेल्स, परचेस, अकाउंट्स असे कामाच्या नावाचे पत्ते कंपनीच्या डोमेनवर ठेवले, तर माणूस बदलला तरी पत्रव्यवहार कंपनीत राहतो. देवनागरीत डॉट भारत नाव २०१४पासून मिळते. मराठी ग्राहक असलेल्या दुकानदारांनी ते जरूर घ्यावे, मात्र ईमेलसाठी सोबत डॉट इन ठेवावे, कारण अनेक फॉर्म अजून देवनागरी पत्ता स्वीकारत नाहीत.

हे सगळे एकेका कारखान्यात जाऊन सांगून पुरे पडत नाही. म्हणून आपल्या स्तंभातून माझी निमा, आयमा आणि राज्यातल्या इतर औद्योगिक संघटनांना विनंती आहे की सभासदांसाठी एक सकाळ ठेवावी, प्रत्येकाने मोबाइल घेऊन यावे आणि आपल्या डोमेनच्या खात्यात तिथेच लॉगिन करून दाखवावे. ज्याला ते जमणार नाही, त्याचे नाव मुदतीच्या आत सोडवून घ्यायला संघटनेने मदत करावी. पूर्वी 'हूइज'मध्ये, म्हणजे डोमेन कुणाचे ते दाखवणाऱ्या खुल्या नोंदवहीत, कुणाचेही नाव दिसायचे. २०१८मध्ये युरोपचा माहिती संरक्षण कायदा लागू झाल्यापासून ते बहुतेक झाकलेले असते, त्यामुळे लॉगिन हीच खरी परीक्षा. जिल्हा उद्योग केंद्रे आणि महाराष्ट्र उद्योजकता विकास केंद्र नव्या उद्योजकांना जे प्रशिक्षण देतात, त्यात जीएसटी आणि उद्यम नोंदणीच्या जोडीला या विषयालाही एक तास द्यावा. आणि वेबसाइटच्या बिलात डोमेनची रक्कम वेगळी दाखवून रजिस्ट्रारची मूळ पावती ग्राहकाला द्यायची, एवढे माझ्या व्यवसायबंधूंनी आपणहून सुरू करावे.

कळावे,
आपली विश्वासू,
एक वाचक, सातपूर, नाशिक