सर्व्हर शोधायचे काम ग्राहकाच्या गळ्यात का? मल्टी-यूजर बिलिंग सॉफ्टवेअरबाबत तक्रार

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

विषय: मल्टी-यूजर आवृत्तीतील नेटवर्क जोडणीचे दोष आणि मदत केंद्राचा धोकादायक सल्ला

महोदय,

आपले बिलिंग सॉफ्टवेअर आमच्या दुकानात चार संगणकांवर चालते. डेटा केबिनमधल्या संगणकावर, म्हणजे सर्व्हरवर आहे आणि काउंटरवरचे तीन संगणक त्याला जोडलेले आहेत. बिल, स्टॉक, जीएसटी यांबद्दल काही म्हणणे नाही. तक्रार आहे ती ऐन गर्दीच्या वेळी काउंटरवर झळकणाऱ्या ‘सर्व्हर सापडला नाही’ या एका ओळीबद्दल. बिघाड कोणताही असो, संदेश हाच.

मूळ दोष जोडणीच्या पद्धतीत आहे. प्रत्येक काउंटरवर सर्व्हरचा आयपी पत्ता, म्हणजे नेटवर्कवरचा त्याचा क्रमांक, हाताने टाकावा लागतो, समजा १९२.१६८.१.१०. हा पत्ता राउटरच्या डीएचसीपीने, म्हणजे पत्ते आपोआप वाटणाऱ्या सोयीने, तात्पुरता दिलेला असतो. वीज गेली, राउटर पुन्हा सुरू झाला की तोच संगणक १९२.१६८.१.१४ होऊ शकतो. इंटरनेटवाल्याने राउटर बदलला तर १९२.१६८.० अशी मालिकाच वेगळी. मदत केंद्र म्हणते, ‘स्टॅटिक (न बदलणारा) आयपी द्या.’ पण विंडोजमध्ये हाताने दिलेला पत्ता डीएचसीपीच्या वाटपाच्या टप्प्यात असेल, तर राउटर तोच पत्ता एखाद्या मोबाइललाही देऊ शकतो आणि दोघांची टक्कर होते. निदान राउटरमध्ये मॅक पत्त्यावर (संगणकाच्या नेटवर्क कार्डाच्या ओळख क्रमांकावर) आयपीचे आरक्षण करा, एवढे तरी सांगायला हवे होते.

दुसरा सल्ला अधिक गंभीर आहे: ‘फायरवॉल (बाहेरून येणाऱ्या जोडण्या अडवणारी विंडोजची भिंत) बंद करा.’ हे कृपया ताबडतोब थांबवा. २०१७ मध्ये वॉनाक्राय हा खंडणी मागणारा व्हायरस विंडोजच्या जुन्या फाइल-शेअरिंगमधल्या छिद्रातून एका संगणकावरून दुसऱ्यावर पसरला होता. त्याच वाय-फायवर एक जरी बाधित लॅपटॉप आला, तरी फायरवॉल नसलेला सर्व्हर उघडा पडतो, आणि त्या सर्व्हरवर आमची सगळी खाती आहेत. आपला इन्स्टॉलर अ‍ॅडमिन परवानगी घेतोच. त्याच वेळी त्याने फक्त आपल्या सेवेपुरता, फक्त तिच्या पोर्टपुरता (जोडणीच्या ठरलेल्या दारापुरता) आणि फक्त स्थानिक सबनेटसाठी, म्हणजे दुकानातल्या एकाच नेटवर्कसाठी, इनबाउंड (आत येणाऱ्या जोडणीचा) नियम तयार करावा. आत्ता इन्स्टॉलरचा नियम केवळ ‘प्रायव्हेट’ प्रोफाइलसाठी, म्हणजे विंडोज विश्वासाचे मानते त्या नेटवर्कसाठी, होतो. राउटर बदलला की विंडोजला ते नवे नेटवर्क वाटते, ते बहुधा ‘पब्लिक’मध्ये जाते आणि नियम लागू होत नाही. काल चाललेले आज का बंद पडले, याचे उत्तर अनेकदा एवढेच असते.

डेटाबेसचेही तसेच. आपण मायक्रोसॉफ्टचा एसक्यूएल सर्व्हर एक्सप्रेस हा डेटाबेस नेम्ड इन्स्टन्स (वेगळे नाव दिलेली प्रत) म्हणून बसवता. त्याचा पोर्ट डायनॅमिक (बदलता) राहतो, म्हणून काउंटरला तो यूडीपी १४३४ या पोर्टवरच्या एसक्यूएल सर्व्हरच्या ‘ब्राउझर’ सेवेला विचारावा लागतो. ती सेवा बंद असली किंवा फायरवॉलने अडवली, की पुन्हा तीच ओळ. एसक्यूएल सर्व्हरच्या कॉन्फिगरेशन मॅनेजरमध्ये टीसीपी/आयपी सुरू करून, ‘आयपीऑल’खालची डायनॅमिक पोर्टची जागा रिकामी ठेवून एक पक्का पोर्ट लिहिला, सेवा पुन्हा सुरू केली आणि काउंटरवरही तोच पोर्ट दिला की ब्राउझर सेवेची गरजच उरत नाही. हे काम इन्स्टॉलरचे आहे. त्यासाठी तंत्रज्ञाच्या भेटीचे वेगळे शुल्क आकारणे आम्हाला मान्य नाही.

मुळात पत्ता विचारायचीच गरज नाही. प्रिंटर आपोआप यादीत दिसतो तो बहुधा एमडीएनएस आणि डीएनएस-एसडी या पद्धतींमुळे, ज्यांत उपकरण आपले नाव आणि सेवा नेटवर्कवर स्वतः जाहीर करते. अ‍ॅपलने ही सोय २००२ मध्येच दिली आणि २०१३ मध्ये आरएफसी ६७६२ व ६७६३ म्हणून तिची मानके प्रसिद्ध झाली. आपल्या सर्व्हरने या पद्धतीच्या ठरलेल्या २२४.०.०.२५१ या सामायिक पत्त्यावर, यूडीपी ५३५३ मधून, आपले नाव आणि पोर्ट जाहीर करावा. काउंटरवर दुकानाचे नाव दिसावे, ते निवडावे, सर्व्हरच्या पडद्यावरचा सहा अंकी कोड एकदा टाकावा, बस. कोड हवाच, नाहीतर वाय-फायवरचा कोणीही जोडला जाईल. साठवायची ती सर्व्हरची ओळख. पत्ता बदलला तर सॉफ्टवेअरने तो स्वतः शोधावा. हाताने पत्ता टाकायची सोय शेवटचा उपाय म्हणून राहू द्या.

काही ठिकाणी हा शोधही चालणार नाही. गेस्ट वाय-फायवर उपकरणे बहुधा एकमेकांना दिसत नाहीत. दुसऱ्या राउटरच्या वॅन पोर्टमध्ये (इंटरनेटच्या खोबणीत) केबल लावली की त्यामागचे संगणक वेगळ्या सबनेटमध्ये जातात, आणि असा मल्टिकास्ट, म्हणजे सगळ्यांसाठी केलेली ही घोषणा, राउटर ओलांडत नाही. दुकानांत ही चूक फार आढळते. केबल लॅन पोर्टमध्ये (दुकानातल्या संगणकांच्या खोबणीत) लावून दुसऱ्या राउटरचा डीएचसीपी बंद केला, किंवा तो राउटर अ‍ॅक्सेस पॉइंट मोडवर (फक्त वाय-फाय पुरवण्यापुरता) टाकला, की प्रश्न मिटतो. पण ग्राहकाला हे कळणार कसे? सर्व्हर संगणक बंद आहे, सबनेट वेगळे आहे, पोर्ट अडवला आहे की डेटाबेस सेवा थांबली आहे, याची तपासणी सॉफ्टवेअरने करावी, नेमके काय आढळले ते मराठीत सांगावे आणि पुढची कृतीही द्यावी.

हे बदल कोणत्या आवृत्तीत मिळतील ते १५ दिवसांत लेखी कळवावे. जोडणीच्या भेटींसाठी घेतलेले शुल्क परत करावे. फायरवॉल बंद करण्याची सूचना माहितीपुस्तिकेतून आजच काढावी आणि ज्या ग्राहकांना ती दिली आहे त्यांना फोन करून फायरवॉल पुन्हा सुरू करायला सांगावे.

कळावे,
आपला ग्राहक