‘रक्तातच आहे’ म्हणून विषय संपत नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

माणसाच्या वागण्याविषयी लिहिताना ‘हे तर आपल्या रक्तातच आहे’ असा निर्वाळा हल्ली फार सहज दिला जातो. परक्यांविषयीचा संशय असो की आक्रमकपणा, त्याला उत्क्रांतीचा दाखला जोडला की पुढे बोलण्यासारखे काही उरत नाही, असे मानले जाते. जीवशास्त्र शिकवण्यात माझे आयुष्य गेले असल्यामुळे उत्क्रांतीचा असा सबबीसारखा वापर मला मनापासून खटकतो.

सापाच्या भीतीचेच उदाहरण घेऊ. लंडनच्या प्राणिसंग्रहालयात पफ अ‍ॅडर या विषारी सापासमोर डार्विन जाड काचेला चेहरा टेकवून उभे राहिले आणि सापाने झेप घेतली तरी मागे सरकायचे नाही, असा त्यांनी निश्चय केला. पण साप काचेवर आदळताच ते एक-दोन यार्ड मागे उडाले. भावनांवरील १८७२च्या आपल्या ग्रंथात त्यांनीच हे प्रांजळपणे नोंदवले आहे. एवढेच वाचले, तर ही भीती जन्मजात आहे असे वाटेल. परंतु १९८०च्या दशकात सुसान मिनेका आणि मायकेल कुक या मानसशास्त्रज्ञांनी प्रयोगशाळेत वाढलेल्या ऱ्हीसस माकडांवर प्रयोग केले, तेव्हा ती सापाला घाबरत नसल्याचे दिसले. दुसरे माकड सापाला घाबरते आहे, हे पाहिल्यावर मात्र तीही लवकरच घाबरू लागली. पुढे चित्रफितीत फेरफार करून तेच घाबरलेले माकड फुलांसमोर दाखवले, तर फुलांची भीती कोणी शिकले नाही! म्हणजे वारशाने आली होती ती विशिष्ट भीती चटकन शिकण्याची तयारी. प्रत्यक्ष भीती आली ती दुसऱ्याकडे पाहून.

शरीराच्या वजनाच्या सुमारे २ टक्के असलेला आपला मेंदू विश्रांतीच्या स्थितीतही सुमारे २० टक्के ऊर्जा खर्च करतो आणि त्याची जडणघडण बालपणानंतरही कित्येक वर्षे चालू राहते. इतका महागडा अवयव केवळ ठरीव प्रतिक्रियांसाठी टिकून राहिला असेल, हे मला पटत नाही. शिवाय रक्ताचे नाते नसलेल्यांना मदत करण्याची वृत्तीही नैसर्गिक निवडीतून कशी रुजू शकते, याची मांडणी उत्क्रांतीचे अभ्यासक रॉबर्ट ट्रिव्हर्स यांनी १९७१मध्येच केली आहे. ‘रक्तात’ काय आहे याची यादी करताना नेमकी तीच का गळते?

स्वभावावरील लेख छापताना त्या त्या वर्तनात वारसा किती आणि पाहून शिकलेले किती, हे लेखकांना आवर्जून विचारावे, ही विनंती.

आपला,
जीवशास्त्राचा एक निवृत्त शिक्षक