प्रश्न त्याच्याबद्दल, विचारले आईला

संपादक महोदय,

बौद्धिक अक्षमता आणि स्वयंनिर्णय यांवरचा कालच्या पुरवणीतला लेख वाचला. स्वयंनिर्णय, म्हणजे आपल्या आयुष्याचे निर्णय आपण घेणे, मोजणारा त्यातला तक्ता सुबक आहे. स्वायत्तता, स्वनियमन, मानसिक सक्षमता, आत्मभान, आणि खाली बेरीज. १९९५ च्या ज्या ७२ प्रश्नांच्या मोजपट्टीवरून हे चार रकाने घेतले, ती ज्याची त्याने भरायची असते, एवढेच तेवढे लेखात राहून गेले.

माझ्या धाकट्या भावाचे मूल्यमापन झाले तेव्हा तो समोर बसलेला आणि प्रश्न आईला! ‘‘कपडे स्वतः निवडतो का?’’ ‘‘नाही, मीच काढून ठेवते.’’ झाले, शून्य. कपाटाची किल्ली कोणाकडे असते, हे विचारायला रकाना नव्हता. मग परीक्षकांना त्याची आठवण झाली. ‘‘इथे आवडतं ना?’’ ‘‘हो.’’ ‘‘दुसरीकडे राहायला आवडेल ना?’’ ‘‘हो.’’ अहवालात शेरा : मते स्थिर नाहीत. अहो, आयुष्यभर ज्याचे ‘नाही’ कोणी ऐकून घेतले नाही, तो ‘हो’च म्हणणार. बौद्धिक अक्षमता असलेल्यांचा अशा प्रश्नांना होकार देण्याकडे कल असतो, हे संशोधक सिगेलमन आणि सहकाऱ्यांनी १९८१ मध्येच दाखवले होते. दोन पर्याय समोर ठेवा, जमल्यास चित्रे दाखवा, थोडे थांबा. परीक्षकांना थांबायला वेळ नव्हता.

शेवटी भावाने आपली पिशवी उचलली, खांद्याला लावली आणि दाराशी जाऊन उभा राहिला. त्यावर शेरा : सहकार्य नाही. म्हणजे निर्णय घेतला तर सहकार्य नाही आणि नाही घेतला तर क्षमता नाही. मोठे सोयीचे शास्त्र आहे!

संयुक्त राष्ट्रांच्या अपंग व्यक्तींच्या हक्कांविषयीच्या २००६ च्या कराराचा लेखात उल्लेख आहे, त्याबद्दल आभार. पण त्यातले १२ वे कलम निर्णय घेण्यासाठी लागेल तो आधार द्या असे सांगते. आधी परीक्षा पास करा, मग हक्क देऊ, असे नव्हे. लेखिकेचा सूर मात्र नेमका तोच वाटला. आईवडिलांच्या काळजीबद्दल त्यांनी लिहिलेले पटते, मी तीच काळजी रोज पाहते. पण काळजी मोजायची तर वेगळा तक्ता करावा.

जाता जाता, लेखासोबतच्या फोटोखाली तिन्ही तज्ज्ञांची नावे पदव्यांसकट आहेत, मधोमध बसलेल्या तरुणाचे नाही. फोटो छापण्याआधी त्याला विचारले होते का? विचारले असल्यास तसा खुलासा छापावा.

आपली,
एक नियमित वाचक