पायाच्या शिरा, जंतू आणि मेडिकलवरून आणलेल्या गोळ्या

मा. संपादक,
स.न.वि.वि.

गेले दोन-तीन महिने आमच्या फॅमिली ग्रुपवर एक मेसेज फिरतोय, की पायाच्या शिरा कडक होऊन आतून बुजतात त्या जंतूंमुळे आणि अ‍ॅन्टिबायोटिकचा एक कोर्स केला की मोकळ्या होतात. शिरा म्हणजे त्या निळ्या फुगलेल्या नाही हं, पायाला रक्त नेणाऱ्या धमन्या. माझा मोठा भाऊ, वय ६८, शुगर आहे, तीस वर्षं बिडी ओढली, ग्वाल्हेरच्या लष्कर भागात राहतो. घरून निघून बाड्याच्या चौकात जाईपर्यंत चार ठिकाणी पोटरी आवळून येते, दोन मिनिटं उभा राहिला की थांबते, परत चालला की परत तेच. सगळे म्हणायचे वय झालं. त्याने तो मेसेज वाचला आणि मेडिकलवरून अ‍ॅझिथ्रोमायसिन आणलं, चिठ्ठी बिठ्ठी काही नाही, मागितलं आणि मिळालं, आणि पाच दिवसांचा कोर्स त्याने एकदा नाही तीनदा केला. वहिनीने मला फोन केला तेव्हा तिसरा कोर्स संपत आला होता. म्हणून हे पत्र.

मेसेज अगदीच खोटा असता तर बरं झालं असतं, पण त्यात थोडं खरं आहे म्हणून तर लोक फसतात. १९८८ मध्ये फिनलंडच्या डॉक्टरांना हार्टच्या पेशंटच्या रक्तात क्लॅमिडिया न्युमोनी नावाच्या जंतूच्या अ‍ॅन्टिबॉडी जास्त दिसल्या. हा जंतू खरा तर खोकला, न्युमोनियावाला, बहुतेक सगळ्यांना आयुष्यात कधीतरी होऊन जातो. पुढे हृदयाच्या आणि पायाच्याही बुजलेल्या धमन्यांत तो सापडला, सुजलेल्या हिरड्यांतल्या जंतूंच्या खुणासुद्धा सापडल्या. मग अ‍ॅन्टिबायोटिक देऊन बघू असं डॉक्टरांनाही वाटलं, त्यात चूक काय. स्वित्झर्लंडमध्ये पायाचा त्रास असलेल्या ४० पुरुषांवर प्रयोग झाला, निम्म्यांना २८ दिवस रॉक्सिथ्रोमायसिन नावाचं अ‍ॅन्टिबायोटिक दिलं आणि त्यांच्यात पुढे पायाचे ऑपरेशन वगैरे करायची वेळ कमी आली. मेसेज इथेच संपतो. पण नंतर डेन्मार्कमध्ये पायाच्याच ५०० वर पेशंटना हेच औषध देऊन पाहिलं तेव्हा काही फरक पडला नाही, आणि हार्टच्या सुमारे ४००० पेशंटना तर आठवड्याला एक अ‍ॅझिथ्रोमायसिन अशी वर्षभर दिली, तरी अटॅक कमी झाले नाहीत.

मग जंतू तिथे करतो काय? भिंतीला ओल आली की बुरशी धरते, पण फक्त बुरशी खरवडून ओल जात नाही, मला ते तसं समजलं. बिडी, शुगर, कोलेस्टेरॉल यांनी धमनीचं अस्तर खराब होतं, तिथे पांढऱ्या पेशी गोळा होतात आणि जंतू त्यांच्याच आत बसून येतो. तो सूज वाढवत असेलही, ते अजून पक्कं ठरलेलं नाहीये. पण पेशीच्या आत दडून बसला की औषधही त्याला नीट मारत नाही, आणि धमनीत साठून ती कडक करणारं कॅल्शियम तर कुठल्याच अ‍ॅन्टिबायोटिकने विरघळत नाही. शिवाय अ‍ॅझिथ्रोमायसिनने काहींच्या हृदयाचे ठोके धोकादायक बिघडू शकतात, अमेरिकेच्या औषध खात्याने २०१३ मध्येच तसं बजावलंय. हे वाचल्यावर दादाचे तीन कोर्स आठवून माझे हातपाय गार पडले.

शेवटी त्याला ओढत डॉक्टरकडे नेलं. त्यांनी दंडाचं बीपी घेतलं तसं घोट्याचं घेतलं, रक्त वाहण्याचा आवाज ऐकवणाऱ्या छोट्या डॉप्लर मशीनने, दुखत नाही, सुई नाही. घोट्याचा आकडा भागिले दंडाचा, तो ०.९ च्या खाली आला की पायात रक्त कमी पोचतंय. दादाचा ०.६ निघाला. शुगरवाल्यांच्या धमन्या कधी कधी इतक्या कडक असतात की पट्ट्याने दबतच नाहीत आणि आकडा उलट १.४ च्या वर दिसतो, तेव्हा नॉर्मल समजून घरी यायचं नाही, पायाच्या अंगठ्याचं प्रेशर बघावं लागतं. दादाला डॉक्टरांनी सांगितलं, बिडी बंद, कोलेस्टेरॉलची गोळी, रक्त पातळ ठेवायची गोळी, आणि चालणं: दुखेपर्यंत चालायचं, थांबायचं, परत चालायचं, अर्धा-पाऊण तास, आठवड्यातून तीनदा तरी. हिरड्यांसाठी दातांच्या डॉक्टरकडेही पाठवलं, दात सांभाळायला हवेतच म्हणून, पाय त्याने बरे होतील असं नाही.

माझी विनंती इतकीच, गणेशोत्सवात आपल्या मंडळांची शिबिरं होतात तिथे दंडाचं बीपी आणि शुगर बघतात, पन्नाशीपुढच्या बिडी ओढणाऱ्यांचं आणि शुगरवाल्यांचं घोट्याचं बीपी पण बघा, डॉप्लरवाला एक डॉक्टर बोलावला की होतं. आणि आपल्या पेपरात या दुखण्यावर जागा द्या. दादा आता फूलबागेत चालायला जातो, तीन महिन्यांनी परत मोजायचंय.

आपली,
एक वाचक, लष्कर, ग्वाल्हेर